पडला म्हणजे फाऊल झालाच असं नाही

या वेळी एकाच विषयावर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. विषय आहे बास्केटबॉलमधलं फ्लॉपिंग, म्हणजे आपल्या कोर्टवर सगळे ज्याला सरळ नाटक म्हणतात ते. धक्का लागलाच नाही किंवा नुसता चाटून गेला तरी धाडकन पडायचं, मान मागे फेकायची, जोरात ओरडायचं आणि पंचाकडे पाहायचं. नागपुरात थंडी पडायला लागली की संध्याकाळचे सामने सुरू होतात, शाळांचे, कॉलेजचे, क्लबचे, आणि त्यांच्यासोबत ही तक्रारही दरवर्षी येते. पत्रलेखकांची नावं मीच काढली आहेत, कारण उद्या परत याच कोर्टवर सगळ्यांना एकमेकांसमोर उभं राहायचं आहे.

प्रश्न : मॅडम, मी नुकतीच पंचगिरी सुरू केली, कॉलेजचे आणि क्लबचे सामने करते. ड्राइव्हवर, म्हणजे बॉलवाला रिंगकडे घुसताना, डिफेंडर पडला की मला समजतच नाही हा खरंच पडला की नाटक करून राहिला. बेंचवरून सगळे "रेफ, रेफ" करतात, पब्लिक ओरडते आणि माझा हात आपोआप वर जातो, मग रात्री कोणीतरी व्हिडिओ पाठवतो त्यात दिसतं की धक्काच नव्हता. नेमकं पाहायचं काय? — एक नवी पंच, धरमपेठ

अगं, सगळ्यात आधी पडणं पाहायचं सोडून दे. बहुतेक चुकीच्या शिट्ट्या इथूनच सुरू होतात. आपले डोळे बॉलसोबत फिरतात, बॉलवाला रिंगकडे निघाला की आपण त्याच्या हाताकडे पाहतो, आणि खाली कोणी आदळल्याचा आवाज आला की मग तिकडे वळतो, म्हणजे आपण पाहिला फक्त शेवट, धक्का पाहिलाच नाही, आणि शेवटावरून सुरुवात कशी झाली असेल याचा अंदाज करून शिट्टी वाजवली. नाटक करणाऱ्याला तुझी हीच सवय हवी असते. तुला तो पडलेला दिसला पाहिजे, त्याच्या आधीचं काही दिसायला नको.

म्हणून ड्राइव्ह सुरू झाला की डोळे डिफेंडरवर ठेव, त्याच्या पायांवर आणि छातीवर. तो समोरच्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभा झाला का? झाला असेल तर त्याने आपली जागा कायदेशीर घेतली, त्यानंतर तो बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो, सरळ वर उडी मारू शकतो. अशा डिफेंडरच्या छातीवर अटॅकर येऊन आदळला तर जबाबदारी अटॅकरची. डिफेंडर पुढे घुसला, किंवा गुडघा, कंबर, खांदा स्वतःच्या जागेबाहेर काढून वाटेत घातला तर जबाबदारी त्याची, मग तो कितीही जोरात पडो. आणि दोघं एकमेकांना घासून गेले पण कोणाचंच काही बिघडलं नाही, तर खेळ चालू द्यायचा.

आता एक प्रसंग जवळून पाहू. तू बेसलाईनवर, म्हणजे रिंगमागच्या रेषेवर, लीड पंच म्हणून उभी आहेस. कोर्टच्या उजव्या कडेने गार्ड, म्हणजे बॉल आणणारा खेळाडू, येतो, शेवटचा ड्रिबल जोरात मारतो आणि दोन पावलं टाकायला निघतो. डिफेंडर रिंगखालच्या अर्धवर्तुळाच्या बाहेर, पाय रोवून, हात छातीशी. गार्डचा खांदा त्याच्या छातीपासून अजून वीतभर लांब आहे आणि त्याच्या टाचा उचलल्या गेल्या, वजन मागे गेलं, हनुवटी वर झाली, तोंडातून "आह" निघालंसुद्धा. हे तुला फक्त तेव्हाच दिसेल जेव्हा तुझी नजर आधीपासून त्याच्यावर असेल. खरा धक्का लागतो तेव्हा आधी छाती दबते, मग पाय सुटतात, आणि शरीर धक्क्याच्याच दिशेने जातं. हात जमिनीकडे धावतात कारण माणूस स्वतःला वाचवतो. नाटकात हात वर जातात, तुला दिसावेत म्हणून. आणि डोळ्यांकडे पाहा, खरा पडणारा पडताना जमीन शोधतो, नाटकवाला तुला शोधतो.

पण यात एक मोठी अडचण आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय हे निकष वापरू नकोस. चांगला डिफेंडर धक्का येणार हे ओळखून आधीच अंग थोडं मागे सोडतो, मार झेलायला किंवा इजा टाळायला अंग वळवायची मुभा त्याला नियमानेच आहे. म्हणजे पडणं जरा लवकर सुरू झालं म्हणून नाटक ठरत नाही. गार्ड पूर्ण वेगात येऊन त्याच्या छातीवर आदळला तर तो चार्जच, म्हणजे अटॅकरचा फाऊल आहे, डिफेंडर थोडा आधी मागे झुकला होता म्हणून त्याला मिळणारा फाऊल हिरावून घ्यायचा नाही. प्रश्न शेवटी एकच, धक्का लागला का आणि त्या धक्क्याने त्याची जागा किंवा तोल गेला असता का.

दुसरं, आपले बरेचसे कोर्ट सिमेंटचे आहेत आणि उघड्यावर. दिवसभराची धूळ असते, डिसेंबरात रात्री दव पडतं, आणि झिजलेल्या सोलचे बूट घालून पोरं धावतात. घसरून पडणारे खूप असतात. घसरताना आधी पाय जातो, मग बाकीचा माणूस, आवाज नाही, अपील नाही, उलट चेहरा ओशाळलेला असतो. त्याला फाऊलही नाही आणि नाटकाची वॉर्निंगही नाही. सामन्याआधी अख्ख्या कोर्टवर एकदा पायी फिर, कुठे सरकतं ते बघून घे, झाडू मारायला सांग. पंचाने इतकं केलं तरी अर्ध्या शंका कमी होतात.

उभं राहायची जागाही बदल. अटॅकर आणि डिफेंडर यांच्या मधली फट दिसली पाहिजे. दोघं एकाच्या मागे एक दिसत असतील तर तुला काहीच दिसत नाहीये, मग दोन पावलं सरक, आणि नाहीच जमलं तर अंदाजाने शिट्टी वाजवू नकोस, तुझा पार्टनर ट्रेलला, म्हणजे खेळाच्या मागच्या बाजूला आहे, त्याला कदाचित चांगलं दिसलं असेल. शिट्टी तोंडात असली तरी अर्धा सेकंद थांब. बेंचचा आवाज त्या अर्ध्या सेकंदात येऊन जातो, त्यानंतर जे डोळ्यांनी पाहिलं तेच उरतं.

आणि शिट्टी न वाजवणं हीसुद्धा शिक्षा आहे हे विसरू नकोस. तो खाली पडलाय, त्याची टीम चारच जणांनिशी डिफेन्स करतेय, समोरच्याने रिंगजवळून सोपा ले-अप टाकला. पुढच्या पझेशनला तो उभा राहून डिफेन्स करेल बघ.

प्रश्न : आमच्या पंचांच्या ग्रुपमध्ये यावर दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते दिसलं नाटक की दे टेक्निकल. दुसरी म्हणते दुर्लक्ष करा, नो-कॉल पुरे. नियम काय म्हणतो आणि तुम्ही काय म्हणता? — पंच, सदर

आपल्याकडे फिबाचे, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम चालतात आणि फिबाच्या नियमात फाऊल झाल्याचं नाटक टेक्निकल फाऊलच्या, म्हणजे धक्क्याच्या नाही तर वागणुकीच्या फाऊलच्या, यादीत स्पष्ट आहे, म्हणजे हे पंचाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. पण टेक्निकलच्या आधी साधारण वॉर्निंग येते. नियमांच्या अधिकृत स्पष्टीकरणात उदाहरणच दिलंय, ड्रिबल करणारा खेळाडू फाऊल झाल्यासारखी मान झटकतो, त्याला पहिल्या वेळी वॉर्निंग, आणि त्याच सामन्यात पुढे ढकलल्यासारखा पडला तर टेक्निकल. वॉर्निंगची खूण म्हणजे कोपरापासून पुढचा हात दोनदा वर करायचा. खूण तेव्हाच करायची, खेळ चालू असला तरी. तोंडी सांगणं मात्र बॉल डेड झाल्यावर, घड्याळ थांबल्यावर, आणि ते फक्त खेळाडूला नाही तर त्याच्या कोचलाही सांगायचं.

इथे बरेच पंच एक गोष्ट विसरतात. ती वॉर्निंग त्या एका खेळाडूपुरती नसते, उरलेला पूर्ण सामना ती अख्ख्या टीमला लागू असते. म्हणजे सात नंबरला वॉर्निंग दिली आणि तिसऱ्या क्वार्टरला अकरा नंबरने तेच केलं तर अकरा नंबरला सरळ टेक्निकल, "मला तर काही सांगितलंच नव्हतं" हे चालत नाही. म्हणूनच कोचला सांगणं इतकं महत्त्वाचं, कारण पोरांना सांगायची जबाबदारी मग त्याची होते. आणि मघाच्या उदाहरणात असंही आहे की दरम्यान खेळ थांबलाच नाही, सांगायला वेळच मिळाला नाही, तरी दुसऱ्या वेळी टेक्निकल लागतो. म्हणून खूण ठळक करा, हात पोटाजवळ हलवून कोणाला दिसत नाही.

शिक्षा एक फ्री थ्रो, समोरच्या टीमचा कोच ठरवेल तो खेळाडू मारेल, आणि मग खेळ जिथे थांबला होता तिथून, ज्यांच्याकडे बॉल होता त्यांच्याकडे. टेक्निकल खेळाडूच्या पाच फाऊलमध्येही मोजला जातो आणि टीमच्या क्वार्टरच्या फाऊलमध्येही. एकाच खेळाडूला दोन टेक्निकल झाले तर तो सामन्यातून बाहेर.

आता माझं मत. नुसतं दुर्लक्ष पुरत नाही, कारण दुर्लक्षात नाटक करणाऱ्याचं नुकसान काहीच नाही, दहा वेळा पडेल, एकदा तरी लागेल, त्याचा हिशोब सरळ आहे. आणि दुसऱ्या टीमचा कोच पाहून राहिला की समोरचे पडून राहिले आणि पंच काहीच बोलत नाही, तर हाफटाइमला तो आपल्या पोरांना काय सांगेल? तुम्हीही पडा. दुसऱ्या हाफमध्ये मग दहाही जण पडतात आणि त्यात ज्याला खरंच लागलं त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. पंचाचा विश्वास एकदा उडाला की प्रामाणिकपणे छातीवर मार झेलणाऱ्या पोराचा चार्जही जातो.

पण दिसलं की दे टेक्निकल, हेही मला पटत नाही. तुमची खात्री असली पाहिजे, नुसता संशय नाही. दोघांमध्ये अंतर दिसलं, धक्का नव्हता हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तर वॉर्निंग, परत केलं तर टेक्निकल, आणि मग स्कोअर पाहायचा नाही, मिनिट पाहायचा नाही. हलका धक्का होता आणि त्याने तो मोठा करून दाखवला असं वाटतंय पण नक्की नाही, तर खेळ चालू द्या आणि पुढच्या डेड बॉलला जवळून जाता जाता सांगा, "भाऊ, उभा राहून खेळ, मी पाहून राहिली." बरेचदा तेवढं पुरतं. आणि फाऊल खरा झाला पण वर थोडी अ‍ॅक्टिंगही केली, तर फाऊल आधी द्यायचा. खरा फाऊल अ‍ॅक्टिंगमुळे खोटा होत नाही. नंतर त्याला समज द्या.

प्रश्न : अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये मोठे मोठे प्लेअर करतात आणि फ्री थ्रो घेतात, मग आम्ही केलं तर काय चुकलं? फाऊल काढणं हे पण स्किलच आहे न? — कॉलेज खेळाडू, प्रतापनगर

फाऊल काढणं स्किल आहे, अगदी मान्य. डिफेंडरला पंप फेकवर, म्हणजे शॉटचा बहाणा करून, उडवणं, त्याचा हात चुकीच्या जागी आला तेव्हाच शॉटला उठणं, ड्राइव्हला अंगावर घेणं, यात वेळेची समज लागते, हिंमत लागते. पण तिथे फाऊल खरा होतो. न झालेला फाऊल झाला असं पंचाला पटवणं वेगळं, त्यात तू समोरच्याला हरवत नाहीस, पंचाला फसवतोस.

आणि एनबीएचं उदाहरण देतोस तर पूर्ण दे. तिथे हा रोग जुना आहे, नव्वदच्या दशकात व्लादे दिवाच या खेळाडूचं नाव यासाठीच गाजलं होतं. २०१२-१३ च्या सीझनपासून त्यांनी दंड सुरू केले, सामना संपल्यावर व्हिडिओ पाहायचे आणि नाटक सापडलं की पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी ५,००० डॉलर, मग १०,०००, मग १५,०००, पाचव्या वेळी ३०,०००. पहिला दंड ब्रुकलिन नेट्सच्या रेजी इव्हान्सला बसला. पण त्याने फ्लॉपिंग थांबलं का? नाही थांबलं, आणि कारण समजायला सोपं आहे. कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्याला पाच हजार म्हणजे काहीच नाही, आणि मुख्य म्हणजे दंड नंतर लागतो, त्या फ्लॉपवर मिळालेले दोन फ्री थ्रो स्कोअरबोर्डवर तसेच राहतात, जिंकलेला सामना जिंकलेलाच राहतो.

२०१३ मध्ये डॅलस मॅव्हरिक्स या टीमचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन यांच्या कंपनीने टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीला १ लाख डॉलरहून जास्त रक्कम दिली, कशासाठी तर माणूस पडायला नेमका किती जोर लागतो आणि खरं पडणं खोट्यापासून ओळखता येतं का याचा अभ्यास करायला. म्हणजे बघ, हा प्रश्न तिथे किती गंभीरपणे घेतात.

शेवटी २०२३-२४ च्या सीझनपासून त्यांनी शिक्षा कोर्टवर आणली. आता फ्लॉप दिसला की टेक्निकल आणि समोरच्याला एक फ्री थ्रो. त्याने खेळाडू बाहेर जात नाही, पण पॉइंट जातो, आणि तो तेव्हाच जातो. खेळ चालू असताना लगेच शिट्टी वाजवायची सक्तीही नाही, समोरच्या टीमचा चालू अटॅक मोडू नये म्हणून पंच पुढच्या योग्य वेळेपर्यंत थांबू शकतात. एकाच प्लेमध्ये फाऊल आणि फ्लॉप दोन्ही देता येतात. आधी एका सीझनची ट्रायल होती, नंतर कायम केलं. मला यातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच वाटते की हिशोब त्याच सामन्यात होतो.

तू ज्यांचे व्हिडिओ पाहतोस त्यांचंही ऐक. उलटं उडी मारून डिफेंडरच्या अंगावर जाणं, शॉट मारताना पाय बाजूला फेकणं, हात हातात अडकवून झटका देणं, अशा हालचालींवर फ्री थ्रो द्यायचे नाहीत असं २०२१-२२ पासून तिथल्या पंचांना सांगितलं गेलं, आणि जे त्यावरच जगत होते त्यांना खेळ बदलावा लागला. तू आत्ता जी सवय लावून घेतोयस ती जिथून शिकलास तिथेच बंद होत चालली आहे.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांखालच्या टीममध्ये आहे. घरी येऊन सांगते की सरांनी आज पडायची प्रॅक्टिस घेतली. मला हे बरोबर वाटत नाही पण कोचशी कसं बोलू कळत नाही. — एक आई, मनीषनगर

ताई, आधी मुलीला नीट विचारा की प्रॅक्टिस नेमकी कशाची होती. कारण दोन गोष्टी असू शकतात आणि एक फार चांगली आहे. पाय रोवून उभं राहून येणारीला छातीवर झेलायचं आणि मग सुरक्षित कसं पडायचं, म्हणजे हनुवटी छातीशी, आधी बूड टेकायचं, मग पाठ घसरवत न्यायची, हात मागे टेकवायचे नाहीत, हे प्रत्येक मुलीला शिकवलंच पाहिजे. कोच हे मॅटवर हळूहळू शिकवत असतील तर त्यांचे आभार माना. सिमेंटच्या कोर्टवर हात मागे टेकवून पडलं की मनगट जातं, माकडहाडाला मार बसला की महिनोनमहिने बसता येत नाही, आणि डोकं मागे आपटलं तर ते सगळ्यात वाईट.

पण धक्का नसतानाही पड, ओरड, पंच देईल, असं शिकवत असतील तर बोला. मुलीसमोर नको, बाकीच्या पालकांसमोरही नको, प्रॅक्टिस संपल्यावर बाजूला घेऊन शांतपणे. सर, ही न लागता पडायला शिकली तर पाय रोवून उभं राहायला कधी शिकणार, एवढंच विचारा. नैतिकतेचं भाषण दिलं की माणूस चिडतो, खेळाचा मुद्दा काढला की कोच ऐकतो. आणि मुद्दा खरा आहे, जी मुलगी धक्क्याआधीच पडते तिचा डिफेन्स वाढतच नाही, पुढे वरच्या लेव्हलला चांगले पंच मिळाले की तिच्याकडे काहीच उरत नाही.

लहान गटाच्या पंचांनाही याच जागी एक विनंती करते. चौदा वर्षांच्या पोरीला वॉर्निंग देताना ओरडू नका. पोरगी बरेचदा सांगितलेलं करत असते. घड्याळ थांबल्यावर तिला हात देऊन उठवा, लागलं तर नाही न ते विचारा, मग सांगा की बेटा धक्का नव्हता, परत असं केलं तर मला टेक्निकल द्यावा लागेल. आणि कोचला सांगताना मात्र स्पष्ट सांगा.

प्रश्न : तीन पॉइंट मारताना शूटर पाय पुढे फेकतो आणि डिफेंडरला लागून पडतो, फाऊल कोणाचा? — प्रशिक्षक, हिंगणा रोड

शूटर सरळ वर गेला तर सरळ खाली उतरायची जागा त्याची, तिथे डिफेंडरने पाय घातला तर फाऊल डिफेंडरचा, आणि हे धोकादायक आहे, घोटा पूर्ण मुरगळतो, तिथे अजिबात दयामाया नको, अनस्पोर्ट्समनलाइकपर्यंत, म्हणजे जास्त कडक शिक्षेच्या फाऊलपर्यंत, जाऊ शकतं. पण शूटरने स्वतःची जागा सोडून पाय पुढे फेकला आणि त्यानेच डिफेंडरला गाठलं तर त्या धक्क्याची जबाबदारी शूटरची. पायच लागला नाही आणि तरी लोळला, तर ते नाटक. पाहायचं काय तर बॉल हातातून सुटल्यावर बॉलमागे जाऊ नका, शूटरचे पाय जमिनीला लागेपर्यंत नजर तिथेच.

प्रश्न : रिंगखालचं अर्धवर्तुळ आमच्या कोर्टवर पुसलं गेलंय. तिथे पडणाऱ्यांचं काय करायचं? — क्लब सेक्रेटरी

आजच रंगवून घ्या. रिंगच्या मध्यबिंदूच्या बरोबर खालून १.२५ मीटर त्रिज्येचं आहे ते, खडू, दोरी आणि एक डबा रंग लागतो. त्या रेषेच्या आत उभ्या डिफेंडरवर हवेतला अटॅकर आदळला तर त्याला चार्ज देत नाहीत, अटॅकरने हातपाय चुकीचे वापरले असतील तर गोष्ट वेगळी. म्हणजे रेषा असली की आत उभं राहून पडण्यात फायदाच उरत नाही. रेषाच नसेल तर प्रत्येक पडण्यावर वाद होणार.

प्रश्न : फायनलला शेवटच्या दोन मिनिटांत नाटकासाठी टेक्निकल दिला तर इथे मारामारी होते मॅडम. आयोजकच सांगतात की जाऊ द्या न, एवढं कडक नका होऊ. काय करावं? — अनुभवी पंच, महाल

भाऊ, तुमची अडचण मला माहीत आहे, पाचशे माणसं कोर्टच्या रेषेला खेटून उभी असतात, पोलीस नसतात, आणि शिट्टी तुमच्या एकट्याच्या गळ्यात असते. पण शेवटच्या दोन मिनिटांतला टेक्निकल भांडण करतो तो बहुतेक यासाठी की आधीच्या अडतीस मिनिटांत तुम्ही काहीच बोललेले नसता. पहिल्या क्वार्टरला दोन पडणी दिसली आणि सोडली, दुसऱ्याला सोडली, आणि एकदम शेवटी दिला, तर समोरच्याला तो अन्याय वाटणारच आणि त्याचं म्हणणं पूर्ण चूक नाही.

म्हणून सामना सुरू व्हायच्या आधी दोन्ही कॅप्टन आणि दोन्ही कोचला एकत्र बोलवा. एकाच वेळी, एकाच शब्दांत सांगा की नाटकाला आज एक वॉर्निंग, टीमला, मग टेक्निकल, पहिल्या मिनिटाला पण आणि शेवटच्याला पण. आयोजकांनाही तिथेच उभं करा, त्यांच्यासमोर सांगितलेलं नंतर ते बदलू शकत नाहीत. पार्टनरशी ठरवून घ्या, एका बाजूला वॉर्निंग आणि दुसऱ्या बाजूला माफी असं झालं तर तुम्ही दोघं संपलात. आणि पहिली वॉर्निंग पहिल्याच क्वार्टरला द्यायला कचरू नका, तेव्हा कोणाचं काही जात नाही, सगळे थंड असतात, कोच मान डोलावतो. वॉर्निंग दिली की टेबलवर स्कोअररलाही सांगून ठेवा, कोणत्या टीमला, कोणत्या मिनिटाला, म्हणजे नंतर कोणी "कधी दिली" म्हणून अंगावर येऊ शकत नाही.

टेक्निकल देताना चेहरा साधा ठेवा, बोट रोखायचं नाही, धावत जायचं नाही. टेबलकडे जा, नंबर दाखवा, खूण करा, फ्री थ्रो मारून घ्या, बॉल खेळात टाका. कोच आला तर एक वाक्य, "धक्का नव्हता, वॉर्निंग पहिल्या क्वार्टरला दिली होती." दुसरं वाक्य बोलू नका, दुसऱ्या वाक्यापासून वाद सुरू होतो. कोणी मोबाईलवर क्लिप घेऊन आला तर पाहू नका, सामन्यात पंच प्रेक्षकाच्या मोबाईलवर निर्णय बदलत नाही. सामना संपल्यावर मात्र ती क्लिप मागून घ्या, पार्टनरसोबत आवाज बंद करून पाहा, आणि डिफेंडरच्या पायांपासून सुरुवात करा.